घोडकाठचे दात आणि हाडं

शिरूर तालुक्याच्या पूर्व टोकाला, न्हावरे ओलांडून पुढे गेलं की घोड नदीच्या उजव्या काठावर इनामगाव लागतं. नदीपलीकडे श्रीगोंदा, दक्षिणेला भीमा, आणि भीमेच्या पैलतीराला दौंड तालुका. नदीलगतच्या शिवारात पांढरीची टेकाडं आहेत. जुन्या वस्तीची ही माती भिंतींना आणि धाब्याला चांगली, म्हणून अशा टेकाडांवरून ती पिढ्यान्‌पिढ्या गाड्या भरून नेली जाते. 1968 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजची माणसं इथे कुदळी घेऊन आली ती माती न्यायला नव्हे, चाळायला. हसमुख सांकळिया, झेड. डी. अन्सारी आणि मधुकर ढवळीकर यांच्या देखरेखीखाली हे काम बारा हंगाम, 1983 पर्यंत चाललं.

त्याआधी संगमनेरजवळचं जोर्वे खणून झालं होतं, नेवासे झालं होतं. ताम्रपाषाण काळातले शेतकरी महाराष्ट्रात कुठे राहत, कसली भांडी वापरत हे ठाऊक झालं होतं. पण ते खड्डे अरुंद होते. खोल जायचे, पसरायचे नाहीत. इनामगावला पथकाने आडवं खोदायचं ठरवलं. सव्वाशेहून अधिक घरं उघडी पडली आणि एक अख्खं गाव नकाशावर आलं. मधोमध पाच खोल्यांचा वाडा, त्याला लागून धान्याचं कोठार. कडेला कुंभार, सोनार, चुना भाजणारे. पुराचं पाणी वळवणारा बांध आणि पाट. इ.स.पू. 1600 च्या सुमारास माळवा संस्कृतीच्या लोकांनी वसवलेलं हे गाव, मग जोर्वे संस्कृतीचे दोन टप्पे पाहून, इ.स.पू. 700 च्या सुमारास ओस पडलं. नऊशे वर्षं एकाच जागी नांदलेलं गाव ही आजही लहान गोष्ट नाही.

आणि या घरांच्या जमिनीखाली मुलं होती.

सारवलेल्या जमिनीत खड्डा, खड्ड्यात दोन करड्या, हातांनी घडवलेल्या मडक्यांची जोडी, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आणि आत मूल. शेजारी तोटीचं तांबूस भांडं नाहीतर कंगोरा असलेला वाडगा, वर काळ्या रंगाची नक्षी. मडक्यांची ती जोडी म्हणजे आईचं पोट असावं, असा अर्थ बऱ्याच अभ्यासकांनी लावला आहे. मोठ्या माणसांना मडकं मिळत नसे. त्यांना उत्तरेकडे डोकं करून उताणं निजवत, आणि पुरण्याआधी घोट्याखालची पावलं तोडून टाकत. मेलेल्याने उठून घराबाहेर चालू लागू नये म्हणून ही काळजी, असा ढवळीकरांचा कयास. याला एक ठसठशीत अपवाद सापडला तो पाच खोल्यांच्या वाड्याच्या अंगणात: चार पायांचा, फुगीर पोटाचा मातीचा रांजण आणि त्यात मांडी घालून बसवलेला एक प्रौढ पुरुष. त्याची पावलं शाबूत होती. तो गावचा मुखिया असावा, हा तर्क पावलांवरूनच केलेला आहे, आणि तो मला पटतो. सगळ्या गावाला लागू असलेला नियम ज्याच्यापुढे थांबतो, त्याचं गावातलं स्थान सांगायला वेगळा शिलालेख लागत नाही.

दोनशेहून अधिक दफनं मिळाली आणि त्यांत मुलांचा भरणा मोठा. इतिहासाच्या शालेय पुस्तकांत इनामगाव येतं ते घरं, भांडी, शिर नसलेली मातीची देवी आणि हा रांजण घेऊन. त्याच इयत्तांच्या विज्ञानाच्या पुस्तकात पेशी, पेशींच्या ऊती, ऊतींचे अवयव आणि अवयवांच्या संस्था अशी चढती भांजणी येते. ती मुलं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. शिरूरच्या किंवा दौंडच्या शाळेत ही दोन पुस्तकं एकाच दप्तरात असतात. डेक्कन कॉलेजच्या प्रयोगशाळेत मात्र त्यांना एकमेकांवाचून चालणार नव्हतं.

कारण मडक्यात उरतं काय? पचनसंस्था नाही, श्वसनसंस्था नाही. हृदय, फुप्फुसं, यकृत, कातडी, स्नायू, मज्जातंतू हे सगळं काही महिन्यांत, फार तर काही वर्षांत मातीत मिसळून जातं. अकरा संस्थांच्या देहातली एक सांगाडासंस्था उरते आणि तीही तुकड्यांनी. तान्ह्या बाळाच्या सांगाड्यात सुटे भाग तीनशेच्या घरात असतात, कारण पुढे एकजीव होणारी हाडं तेव्हा वेगवेगळी असतात. मोठ्या माणसात त्यांची 206 होतात. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात चिरते, आणि त्या ओढाताणीत बाळाची बोटभर बरगडी कितीदा तरी मोडते. हाड टिकतं ते त्याच्या बांधणीमुळे. वजनाने सुमारे दोन तृतीयांश खनिज, बाकी बहुतांशी कोलॅजेन नावाच्या प्रथिनाची जाळी. दाताचं इनॅमल त्याहून पक्कं: 96 टक्क्यांच्या आसपास खनिज. म्हणून कवटीचा चुरा झाला तरी दात मिळतात.

ऊती ही कल्पना मुळात प्रेतांच्याच अभ्यासातून आली. फ्रान्समध्ये झाव्हिए बिशाने क्रांतीनंतरच्या वर्षांत शेकडो शवं चिरली, उकळली, आम्लात टाकली, वाळवली, आणि शरीर 21 प्रकारच्या ऊतींनी बनलं आहे असं मांडलं. सूक्ष्मदर्शकावर त्याचा विश्वास नव्हता. तो न वापरताच ही यादी झाली आणि 1802 मध्ये ऐन तिशीत तो गेला. पेशीसिद्धान्त नंतर आला: 1838-39 मध्ये श्लायडेनने वनस्पतींसाठी आणि श्वानने प्राण्यांसाठी तो मांडला. पण इनामगावच्या संदर्भात ज्याचं नाव घ्यायला हवं तो जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो. 1848 मध्ये अप्पर सायलेशियात दुष्काळ आणि टायफस एकदम आला तेव्हा सरकारने त्याला पाहणीला पाठवलं. त्याने अहवालात औषधांपेक्षा गरिबी, शिक्षणाचा अभाव आणि राज्यकारभार यांच्यावरच जास्त लिहिलं. दहा वर्षांनी, 1858 मध्ये, त्याच माणसाने रोग हा अखेर पेशीतला बिघाड असतो हे सांगणारं पुस्तक काढलं. वरवर पाहता ही दोन टोकं. एकीकडे गावाची व्यवस्था, दुसरीकडे डोळ्यांना न दिसणारी पेशी. फिर्खोला त्यात विरोध दिसला नाही. शरीर म्हणजे पेशींचं राज्य आणि पेशी त्याच्या नागरिक, असं तो म्हणे. गाव आणि पेशी यांची हीच जोड इनामगावच्या हाडांत दिसते.

इनामगावच्या हाडांवर काम केलं ते जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी. लुकाच अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठातले दंतमानवशास्त्रज्ञ, वाळिंबे डेक्कन कॉलेजचेच. मानवी अवशेषांवरचा त्यांचा खंड 1986 मध्ये आला, म्हणजे उत्खननाच्या मुख्य अहवालाच्या दोन वर्षं आधी. हाडांचा अहवाल घरांच्या अहवालाआधी छापून येतो हे आपल्याकडे विरळाच. एरवी हाडं परिशिष्टात जातात.

त्यांच्या कामातलं सर्वांत बोलकं साहित्य म्हणजे दुधाचे दात. दुधाच्या दाताचं इनॅमल बनायला सुरुवात होते ती मूल पोटात असताना, चौथ्या महिन्याच्या सुमारास. हिरडीच्या आत इनॅमल बनवणाऱ्या पेशींची एक रांग उभी असते. त्या रोज थोडं थोडं द्रव्य सोडत मागे सरकतात आणि सोडलेलं टणक होत जातं. इनामगावच्या घरांतल्या जमिनी पुन्हा पुन्हा सारवल्यामुळे थरावर थर चढले होते. इनॅमलही तसंच चढतं, पण रोजच्या रोज आणि केसाहून कितीतरी पातळ. जन्माच्या दिवशी या थरांत एक ठळक रेघ उमटते. आईच्या रक्तावर चाललेलं पोषण तुटतं, बाळाला स्वतः श्वास घ्यावा लागतो, दूध पचवावं लागतं. सगळ्या संस्थांच्या एका दिवसात झालेल्या त्या अदलाबदलीचा धक्का त्या पेशींनाही बसतो. सूक्ष्मदर्शकाखाली दाताचा काप धरला की रेघेच्या अलीकडचं इनॅमल पोटातलं आणि पलीकडचं बाहेरच्या जगातलं, हे वेगळं दाखवता येतं. दात हिरडीतून वर आला की त्या पेशी मरतात आणि परत कधी येत नाहीत. हाड मोडलं तर जुळतं, कातडी फाटली तर भरते, इनॅमल मात्र एकदाच बनतं. त्यात राहिलेली खोट मरेपर्यंत राहते, आणि मेल्यावर तीन हजार वर्षं.

लुकाच आणि वाळिंबे यांनी शोधली ती खोट दुधाच्या सुळ्यावरची. सुळ्याच्या ओठाकडच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढा गोलसर खड्डा असतो. शेजारच्या दातांवर तो नसतो, फक्त सुळ्यावर. दुधाच्या सुळ्याचा माथा पूर्ण होतो तो मूल नऊ-अकरा महिन्यांचं होईपर्यंत, आणि तोवर तो जबड्यात पुढे आलेला, वर जेमतेम हाडाचा पापुद्रा असलेला राहतो. आईच्या आणि बाळाच्या आहारात कॅल्शियम किंवा काही जीवनसत्त्वं कमी पडली की तो पापुद्रा धड धरत नाही. मग रांगतं मूल तोंडावर आपटलं किंवा हाताला येईल ते तोंडात घालून चावत बसलं, की मार थेट त्या पेशींच्या रांगेला बसतो. तेवढ्या जागी पेशी काम थांबवतात आणि खड्डा राहतो. अशा खोटींचं कारण निश्चित करण्यात अजून वाद आहेत, पण बहुतेक अभ्यासक याच दिशेने पाहतात. एका सुळ्यावरच्या त्या ठिपक्यात आईच्या ताटातलं अन्न, बाळाचं आतडं, जबड्याचं हाड आणि पेशींची रांग हे सगळं एका ओळीत लागलेलं असतं.

गावाचं पोट कशावर चालत होतं हे दुसऱ्या पुराव्यांवरून कळलं. माती पाण्यात कालवून, तरंगून वर येणारे जळके दाणे गाळून घेतले गेले. एम. डी. काजळे यांनी ते ओळखले. सातू हे मुख्य पीक, सोबत गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा. रानातली बोरं होतीच. हाडांत गाईबैल सर्वांत जास्त, मग शेळ्या-मेंढ्या, हरणं, मासे, कासवं. इ.स.पू. 1000 नंतर चित्र पालटतं. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, रंगीत भांड्यांचा दर्जा उतरतो, शेतीचा जोर कमी होतो आणि शेळ्या-मेंढ्यांचा, शिकारीचा वाटा वाढतो. ढवळीकरांनी याला एक कारण दिलं: पाऊस हटला. हवामान कोरडं पडलं, शेतकरी अर्धभटके मेंढपाळ झाले आणि शेवटी गाव सोडून गेले.

हे कारण त्या पिढीच्या मनाला पटकन भिडलं यात नवल नाही. उत्खनन चालू असतानाच 1972 चा दुष्काळ पडला. शिरूर आणि दौंड हे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले तालुके. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. खडी फोडायला रस्त्याच्या कामावर गेलेली बायामाणसं, सुकडीची वाटणी, छावणीतली जनावरं हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, त्यांना तीन हजार वर्षांपूर्वीच्या गोल झोपडीतही दुष्काळ दिसला. माझ्या मते ढवळीकरांची मांडणी धाडसाची होती. भांड्यांच्या नक्षीत रमलेल्या पुरातत्त्वाला त्यांनी पाऊस, पीक आणि पोट यांच्याकडे वळवलं. पण धाडसी मांडणी तपासावी लागते.

ती तपासणी मुलांच्या मांडीच्या हाडांवर झाली. ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकी जैवपुरातत्त्वज्ञ बाईंनी इनामगाव, नेवासे आणि दायमाबाद या ताम्रपाषाण काळातल्या गावांतली मुलं पुन्हा मोजायला घेतली. 2011 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. पद्धत समजून घेण्याजोगी आहे. मुलाचं वय दातांवरून ठरवायचं, कारण उपासमारीतही दातांची वाढ आपलं वेळापत्रक फारसं सोडत नाही. मग त्याच मुलाचं मांडीचं हाड घ्यायचं. वाढत्या हाडाच्या टोकांशी कूर्चेची एक चकती असते. तिच्यातल्या पेशी उभ्या ओळींत लागतात, विभागतात, फुगतात, आणि त्यांच्या जागी हाड भरत जातं. त्याने लांबी वाढते. जाडी वाढते ती वेगळ्या रीतीने: बाहेरच्या आवरणाखालच्या पेशी नवं हाड घालत राहतात आणि आतल्या पोकळीच्या बाजूने दुसऱ्या पेशी जुनं हाड खात राहतात. खाऊन-पिऊन असलेल्या मुलात घालणाऱ्यांची सरशी असते. अन्न तुटलं की शरीर हाडातलं कॅल्शियम रक्ताकडे वळवतं, कारण हृदयाचा ठोका आणि स्नायूंचं आकुंचन त्याच्यावाचून चालत नाही. आतून खाणं चालूच राहतं आणि हाडाची भिंत पातळ होते. बाहेरून हाड बरं दिसतं, आडवा छेद पाहिला की पोकळपणा कळतो.

हाडाच्या मध्यावरचा हा छेद मुलाच्या वजनाशी बांधलेला असतो, कारण उभं राहणाऱ्या, चालणाऱ्या मुलाचा भार तेच हाड पेलतं. अमेरिकेतल्या डेन्व्हर इथे गेल्या शतकात निरोगी मुलांची वर्षानुवर्षं क्ष-किरण चित्रं काढली गेली होती. त्यांच्या आधारे हाडाच्या छेदावरून वजनाचा अंदाज बांधण्याचं गणित बसवण्यात आलं. ते इनामगावच्या मुलांना लावलं तेव्हा शेवटच्या टप्प्यातली मुलं वयाच्या मानाने खुरटलेली आणि उंचीच्या मानाने हाडकुळी निघाली. गोल झोपड्यांच्या काळात पोरं उपाशी होती, हे ढवळीकरांच्या बाजूने. पण पाऊस एकाएकी हटला हे मात्र रॉबिन्स शुग यांना मान्य नाही. प्राचीन हवामानाच्या नव्या नोंदींत त्यांना तसा अचानक बदल दिसत नाही. हा मुलूख आधीपासूनच कोरडा होता, आजच्यासारखाच. मग गावाचं पोट का खपाटीला गेलं? जमिनीचा कस, वाढती तोंडं, पिकांची निवड असे अनेक धागे त्या पुढे करतात. एकाच कारणावर सगळा भार टाकत नाहीत.

इथे मला एक अडचण दिसते आणि ती हाडांच्या अभ्यासाला जन्मापासून चिकटलेली आहे. 1992 मध्ये जेम्स वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती नेमकी मांडली. मडक्यात सापडणारं मूल हे गावातल्या मुलांचा नमुना नव्हे. ते जगू न शकलेलं मूल आहे. जी जगली, वाढली, म्हातारी झाली, त्यांच्या बालपणाची हाडं आपल्या हाती कधीच लागत नाहीत. उलटंही होतं. साथीने दोन दिवसांत मेलेल्या मुलाच्या हाडावर काहीच उमटत नाही, ते धडधाकट दिसतं. हाडावर खूण उमटायला मूल आजार काढून पुढे काही महिने जगावं लागतं. म्हणजे खुणांचं हाड कधीकधी चिवट मुलाचं असतं. म्हणूनच मोठी झालेली माणसं इथे मोलाची. त्यांच्या पक्क्या दातांवर इनॅमलच्या खोटी असतील तर त्या लहानपणी भोगून तरलेल्या माणसांच्या खोटी आहेत. रांजणातला तो मुखियाही कधीतरी तीन-चार वर्षांचा होताच, आणि पक्क्या दातांचे माथे त्या वयात घडत असतात. मोठ्या घरात वाढला असेल तर त्याच्या दातांत ते दिसायला हवं. पाच खोल्या आणि कोठार यांनी जे सांगितलं ते इनॅमल खोडून काढू शकतं. अशा उलटतपासणीत मला भांड्यांच्या कुठल्याही वर्गवारीपेक्षा जास्त रस वाटेल.

आता अभ्यासक पेशीच्याही आत, केंद्रकात शिरू पाहतात. कानामागे कवटीचा एक अतिशय घट्ट भाग असतो, ज्यात आतला कान बसवलेला असतो. प्राचीन डीएनए टिकण्याची शक्यता तिथे सर्वांत जास्त असते, कारण हे हाड लहानपणीच घडतं आणि पुढे इतर हाडांसारखं मोडून-बांधून घेत नाही. 2019 मध्ये डेक्कन कॉलेजचे तत्कालीन कुलगुरू वसंत शिंदे आणि हार्वर्डचे डेव्हिड राइक यांच्या चमूने हरियाणातल्या राखीगढीच्या हाडांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. 61 नमुने तपासले, वाचता येईल असा डीएनए एकाच बाईचा मिळाला. दख्खनच्या उन्हाळ्यात आणि चिरणाऱ्या काळ्या मातीत तीन हजार वर्षं काढलेल्या हाडांकडून त्याहून चांगलं प्रमाण मिळेल असं कुणी गृहीत धरू नये. शिवाय त्यासाठी हाडाला भोक पाडून त्याची पूड करावी लागते. छेदाची जाडी, सुळ्यावरचा खड्डा हे सगळं हाड न मोडता सीटी स्कॅनमध्ये टिपता येतं. घोडकाठच्या मुलांचं ते काम आधी नीट पुरं करावं आणि ड्रिल नंतर लावावं, एवढा क्रम तरी पाळला गेला पाहिजे.